माळाचे वाटेकरी

लोणी भापकरच्या मल्लिकार्जुन मंदिराजवळ पुष्करणी आहे आणि तिथेच दगडाचा एक यज्ञवराह उभा आहे. यादवकाळातल्या कुणा पाथरवटाने तो घडवला. चारही पाय रोवून उभे राहिलेले हे धड हुबेहूब रानडुकराचे आहे, पण त्याची पाठ आणि कुशी मोकळी नाही. त्यांवर लहान लहान देवमूर्ती इतक्या दाटीने कोरल्या आहेत की जनावराच्या अंगावर झूल घातल्यासारखे वाटते. बुडालेली पृथ्वी ज्याने वर काढली तो हा, असे पुराण सांगते. त्या मूर्तीसमोर थोडा वेळ थांबले की एक गोष्ट मनात येते. जगाचा भार पेलायला आपल्या पूर्वजांनी इथे जनावर उभे केले आणि त्या एकाच्या पाठीवर अनेकांना जागा दिली. देवळातून बाहेर पडून शिवाराकडे पाहावे तर समोर बारामती तालुक्याचा जिरायत पट्टा पसरलेला दिसतो. उघडा मुरूम, मधूनच हिवर, बोर, तरवड आणि उरलेल्या जागी गवत. परक्या नजरेला हे रान रिकामे वाटेल. प्रत्यक्षात या माळाच्या पाठीवरही वराहाइतकीच दाटी आहे. चिंकारा, लांडगा, खोकड, तरस, ससा, मेंढरू, धनगर, कुत्रा असे अनेक जण इथे आपापला वाटा धरून आहेत. हा वाटा कसा ठरला, कुणी मोजला, कुणी खोडला आणि आज त्याचे काय उरले आहे, त्याचा मागोवा आपण घेऊ.

सुरुवात गवतापासूनच केली पाहिजे, कारण बाकीचे सगळे त्यावर उभे आहेत. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत पाऊस वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. एवढ्या पाण्यावर दाट जंगल उभे राहत नाही, पण मारवेल, पवना, कुसळी ही गवते तग धरतात. कुसळीचे बी एकदा तळहातावर घेऊन पाहावे. टोकाला सुईसारखा अणकुचीदार काटा आणि मागे पीळ घातलेले लांब काळे शेपूट. ओल लागली की शेपटाचा पीळ सुटतो, ती वाळली की पुन्हा बसतो, आणि प्रत्येक फेऱ्याला टोक मातीत थोडे आणखी उतरते. आपला खड्डा हे बी आपणच खणते. पण मातीपर्यंत पोहोचण्याआधी त्याला वाहन लागते, म्हणून ते मेंढीच्या लोकरीत, कुत्र्याच्या केसांत नाही तर माणसाच्या धोतरात घुसते. आश्विन-कार्तिकात माळ तुडवून घरी आलेला माणूस ओट्यावर बसून धोतरातली कुसळे उपटतो, तेव्हा तो या गवताची पेरणीच करत असतो. जे खाते तेच पेरते आणि जे पेरते त्यालाही कुणीतरी खाते. हे नाते कळायला शास्त्राला फार शतके लागली, माळावर मात्र ते केव्हापासूनच चालू होते.

किती जुने, हे पाहायला आपण शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी जाऊ. इनामगावला १९६८ पासून पुढे सुमारे पंधरा वर्षे डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी ही त्यामागची नावे. इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० या काळात तिथे शेतकऱ्यांची वसाहत होती. पहिल्या शतकांत चौकोनी प्रशस्त घरे, धान्य साठवण्याची सोय, पाट काढून दिलेले पाणी. इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास चित्र पालटते. चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात, शेतीचा जोर ओसरतो, आणि मेंढ्या-बकऱ्या व शिकार यांवरची भिस्त वाढत जाते. ढवळीकरांनी याचे कारण कोरड्या होत गेलेल्या हवामानात शोधले. अन्न घटले की माणसांची वस्ती विरळ होते, आणि उरलेली माणसे आपला वाटा नांगराकडून काढून कळपाकडे नेतात. लोकसंख्या आणि पोषण यांचा हा हिशेब भीमा खोऱ्यात असा तीन हजार वर्षांपूर्वी मांडला गेला. तो हाडांत आणि राखेत मांडलेला असल्याने वाचायला विसावे शतक उजाडावे लागले.

त्यानंतरचा पुरावा आपल्या भाषेत आहे. महाभारताच्या उद्योगपर्वात विदुर वाघ आणि वन एकमेकांना राखतात असे सांगतो. एक गेले की दुसरे टिकत नाही, हा त्याचा मथितार्थ. ते राजनीतीचे रूपक होते, पण रूपक सुचण्याआधी कुणीतरी रान निरखलेले असते. तेराव्या शतकाच्या अखेरीला म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या लीळाचरित्रात चक्रधरांनी सशाला अभय दिल्याची लीळा आहे. पारध्यांनी आणि त्यांच्या कुत्र्यांनी पाठलाग केलेला ससा येऊन त्यांच्या मांडीखाली दडतो, आणि चक्रधर त्या पारध्यांचे मन वळवतात. ससा, कुत्रा आणि शिकारी ही माळावरचीच मंडळी. अशा जुन्या मराठी ग्रंथांकडे आणि ओव्यांकडे वनस्पतिशास्त्राच्या नजरेने पाहण्याचे काम आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी केले व २०२५ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांत आलेली झाडेझुडपे तपासली तर ती बहुतांशी उघड्या, काटेरी गवताळ रानाचीच निघाली. आपली माळराने म्हणजे जंगल तोडून उरलेली ओसाडी होय, ही समजूत त्यामुळे ढळली. किमान साडेसातशे वर्षांपूर्वीही इथे माळच होता. मल्लिकार्जुनाचे देऊळ बांधणाऱ्यांनी त्याच्या पायऱ्यांवर उभे राहून जे पाहिले असेल, ते आज आपण पाहतो त्याहून फार निराळे नसावे.

या माळावर वाट्याची रीत रुजवली ती धनगरांनी. गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाने बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्यावरचा आपला ग्रंथ १९७६ मध्ये प्रसिद्ध केला. या देवांची वाट मेंढरांच्या वाटेने चालते, हे त्यातून स्पष्ट झाले. संध्याकाळी धनगरांचा वाडा उतरतो तेव्हा जवळ जाऊन पाहावे. घोड्यावरचे बिऱ्हाड खाली येते, खुंट्या ठोकल्या जातात आणि जाळीची वाघर ताणून मेंढरे आत घेतली जातात. कोकरे वेगळी झाकली जातात, कुत्री चार दिशांना पडतात. ज्या रानात मेंढरे बसवली त्या शेतकऱ्याला लेंडीखत मिळते, त्याबदली धनगराला धान्य किंवा पैसा. पेरणीच्या दिवसांत वाडा माळावर असतो. पिके निघाली की तो पश्चिमेकडे सरकतो आणि पावसाच्या तोंडावर परततो. त्यामुळे गवताला फुटायला उसंत मिळते. रात्री लांडगा येतो, कधी एखादे कोकरू नेतो. धनगर त्याला हाकलतो, शिव्या देतो, पण जुन्या पिढीत त्याला वैरी मानण्यापेक्षा वाटेकरी मानण्याची रीत होती. खळ्यावर बलुतेदार आपला वाटा उचलतो, तसाच माळावर लांडगाही उचलतो असा त्यामागचा भाव. याच गवतावर भीमथडीची तट्टेही वाढली. चणीने लहान, खाण्याला काटक, चढणीला न थकणारी ही घोडी मराठ्यांच्या फौजेचा कणा होती. सुपे परगणा शहाजीराजांच्या जहागिरीतला. घोडदळाचा चारा टिकावा म्हणून त्या काळी कुरणे राखली जात. राखलेल्या कुरणात घोडी चरत आणि तिथेच हरणेही चरत. राज्य गवतावर चालते हे त्या राज्यकर्त्यांना कुणी शिकवावे लागले नाही.

आता आपण या कथेच्या सर्वांत मोठ्या वळणाशी येतो, आणि त्यासाठी काही क्षण इंग्लंडला जावे लागते. १७९८ मध्ये थॉमस माल्थसने लोकसंख्येवरचा आपला निबंध छापला. संख्या गुणाकाराने वाढते, अन्न बेरजेने वाढते, म्हणून भूक, रोग आणि लढाई मिळून संख्येला आवर घालतात, असा त्याचा सिद्धांत. पुढे १८०५ मध्ये हाच माल्थस ईस्ट इंडिया कंपनीच्या हेलीबरीच्या कॉलेजात अर्थशास्त्राचा प्राध्यापक झाला. हिंदुस्थानात यायचे तरुण अधिकारी त्याच्यापुढे बसून जमीन, पीक आणि भाडे यांचे धडे घेऊ लागले. रॉबर्ट कीथ प्रिंगल हा त्यांतलाच एक. १८२० च्या दशकात त्याने पुणे जिल्ह्याची जमीन मोजायला घेतली. प्रत्येक तुकड्याचा खर्च वजा जाता उरणारा नफा काढायचा आणि त्यावर सारा बसवायचा, असा त्याचा गुरूपासून घेतलेला बेत होता. कागदावर तो नीटनेटका दिसे. पण मोजणीत चुका झाल्या, सारा न पेलणारा बसला, आणि इंदापुरातले कित्येक शेतकरी जमीन टाकून निघून गेले. लोकसंख्याशास्त्राचे पहिले मोठे पुस्तक लिहिणाऱ्या माणसाच्या शिकवणीचा पहिला मोठा प्रयोग आपल्या नीरा-भीमेच्या दुआबात झाला आणि फसला. या तालुक्यांच्या इतिहासात ही गोष्ट अजून पुरेशी सांगितली गेलेली नाही.

त्याच दशकात याच मुलखात दुसरा एक इंग्रज निराळी मोजणी करत होता. १८२४ मध्ये एल्फिन्स्टनच्या सरकारने विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याला दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करायला नेमले. पाऊस, पिके, वजनेमापे, माणसे यांच्या नोंदी करता करता त्याने पशुपक्षीही टिपले, आणि १८३१ मध्ये लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीपुढे दख्खनच्या सस्तन प्राण्यांची यादी मांडली. आपल्या माळाला शास्त्रीय नावे मिळाली ती या यादीत. भारतीय लांडग्याला त्याने ‘पॅलिपीस’ म्हणजे फिक्या पायांचा असे नाव दिले आणि मराठे याला लांडगा म्हणतात अशी नोंद केली. चिंकाऱ्याला सोसायटीचा चिटणीस बेनेट याचे नाव मिळाले. खोकडाला त्याने मराठी नावावरूनच ‘कोकरी’ म्हटले. खोकडाचे नामकरण आधीच बंगालवरून झालेले असल्याने ते नाव पुढे टिकले नाही, पण लांडगा आणि चिंकारा यांची नावे आजही तीच आहेत. जगाच्या पाठीवर कुठेही चिंकाऱ्याचा शास्त्रीय उल्लेख झाला की त्यामागे ‘साइक्स, १८३१’ येते आणि त्यामागे दख्खनचा हा माळ येतो. साइक्सने माळावरचे वाटेकरी एक एक करून लिहून ठेवले. त्यांचे आपसातले देणेघेणे लिहिणे मात्र त्या काळच्या शास्त्राच्या आवाक्यातले नव्हते.

प्रिंगलची मोजणी फसल्यावर १८३५ मध्ये गोल्डस्मिड हा मुलकी अधिकारी आणि विंगेट हा अभियंता यांनी इंदापुरातच नव्याने काम सुरू केले. १८३६ मध्ये तिथे नवा बंदोबस्त लागू झाला. नफ्याचे गणित त्यांनी सोडून दिले. जमिनीचा मगदूर पाहून प्रत लावायची, सारा हलका करायचा आणि तीस वर्षे तोच ठेवायचा, ही त्यांची पद्धत. लोक परतले, टाकलेली रानेही नांगराखाली आली. इंदापुरातून ही पद्धत साऱ्या मुंबई इलाख्यात पसरली आणि आजच्या सातबाराचा पाया तिनेच घातला. शेतकऱ्याला तिने दिलासा दिला हे खरेच. पण तिच्या सर्व्हे नंबरात जमिनीला दोनच अवस्था उरल्या, पिकणारी आणि पडीक. ज्या तुकड्यावर सारा बसत नाही तो पोटखराबा. मेंढरू, घोडे, चिंकारा, ससा आणि लांडगा जिथे पोट भरत होते, त्या गवताला या दप्तराने खराबा म्हटले. हा शब्द कुणी दुष्टाव्याने घातलेला नव्हता. सारा ठरवणाऱ्याला जे दिसत होते तेवढेच त्याने लिहिले. पण लिहिलेले टिकते. माळावरच्या वाट्यांपैकी फक्त नांगराचा वाटा कागदावर चढला, बाकीचे हळूहळू माणसांच्या आठवणीतून उतरत गेले.

यानंतर दोनच वर्षांनी, १८३८ मध्ये, माल्थसच्या त्याच निबंधाला युरोपात दुसरे फाटे फुटले. चार्ल्स डार्विनने तो त्या वर्षी वाचला आणि जगण्याच्या झगड्याची कल्पना त्याला सापडली. बेल्जममध्ये पिएर व्हेरहुल्स्टने त्याच वर्षी दाखवले की कोणतीही संख्या अमर्याद वाढत नाही. सुरुवातीला झपाट्याने वाढते, मग जागा आणि अन्न अपुरे पडू लागते तसा वेग मंदावतो, आणि शेवटी त्या जागेला पेलेल एवढ्यावर ती स्थिरावते. १८६६ मध्ये एर्न्स्ट हेकेलने सजीवांच्या या परस्परसंबंधांच्या अभ्यासाला ‘इकॉलॉजी’ हे नाव दिले. माल्थसच्या एका निबंधातून अशा दोन वाटा निघाल्या. एक आपल्या शेतसाऱ्यात शिरली, दुसरी सजीवांच्या शास्त्रात. त्या पुन्हा याच माळावर एकत्र यायला दीडशे वर्षे लागली.

मधल्या काळात माळावरचे वाटे फार वेगाने बदलले. कापसाच्या तेजीत कर्ज काढलेला शेतकरी भाव कोसळताच सावकाराच्या कचाट्यात सापडला. १२ मे १८७५ रोजी तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातल्या सुप्यात सावकारांच्या वह्या आणि रोखे जाळले गेले, आणि दख्खनच्या दंग्यांची ठिणगी पडली. लगेच १८७६ ते १८७८ चा दुष्काळ आला. सरकारने उपाय काढला तो पाण्याचा. भाटघरचे धरण १८८१ मध्ये बांधायला घेतले आणि नीरा डावा कालवा बारामती-इंदापुराच्या दक्षिण भागातून वाहू लागला. एका तालुक्याचे बागायत आणि जिरायत असे दोन मुलूख झाले. खाली ऊस, वर माळ. दंगा, दुष्काळ आणि कालवा यांच्या जोडीला त्याच वर्षांत हिंस्र श्वापदे मारण्यासाठी सरकारी बक्षिसेही चालू होती. इतिहासकार महेश रंगराजन यांनी त्या नोंदी जुळवल्या आहेत. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत देशभर ऐंशी हजारांवर वाघ, दीड लाखांवर बिबटे आणि सुमारे दोन लाख लांडगे मारले गेले. चित्ता तर माळावरून पुसलाच गेला. कोल्हापूर संस्थानात विसाव्या शतकातही चित्त्यांकरवी काळविटाची शिकार होई, पण त्यांतले पुष्कळ चित्ते आफ्रिकेहून आणलेले होते. इथला माळ चित्ता पुरवीनासा झाला होता. १९५२ मध्ये तो देशातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. हरणामागे धावणाऱ्या वाटेकऱ्यांपैकी उघड्या रानात मोठा असा लांडगाच काय तो उरला.

आपल्याकडे लांडग्यांच्या मुंड्यांवर बक्षिसे वाटली जात होती, तेव्हा पश्चिमेत खाणारा आणि खाल्ला जाणारा यांचे गणित मांडले जात होते. अमेरिकेत आल्फ्रेड लोट्काने १९२५ मध्ये आणि इटलीत व्हिटो व्होल्टेराने १९२६ मध्ये, एकमेकांच्या नकळत, तीच समीकरणे लिहिली. व्होल्टेराला प्रश्न घातला होता त्याचा जावई उंबेर्तो द’अँकोना याने. पहिल्या महायुद्धात एड्रियाटिक समुद्रातली मासेमारी थंडावली, तेव्हा बाजारात येणाऱ्या माशांत शार्कसारख्या भक्षकांचे प्रमाण वाढलेले का दिसले? व्होल्टेराचे उत्तर असे. भक्ष्य वाढले की भक्षक वाढतो, भक्षक वाढला की भक्ष्य घटते, मग भक्षक उपाशी पडतो आणि चाक पुन्हा फिरते. या चाकात माणूस दोघांनाही सारखाच मारू लागला की फावते भक्ष्याचे, नुकसान होते भक्षकाचे. १९३४ मध्ये रशियातल्या गॉसने काचेच्या नळीत पॅरामिशियमच्या दोन जाती एकत्र वाढवल्या. दोघींचा वाटा तंतोतंत एकच असला की एक टिकते आणि दुसरी संपते, हे त्यात दिसले. एकत्र नांदायचे तर वाटे थोडे तरी वेगळे हवेत.

हाच नियम माणसांच्या बाबतीत तपासण्याचे काम महाराष्ट्रात झाले. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी आपल्या भटक्या आणि पशुपालक समाजांकडे परिसंस्थेच्या नजरेने पाहिले. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात तीन समाजांच्या शिकारीची तुलना आहे. नंदीवाले कुत्र्यांच्या मदतीने रानडुक्कर, साळिंदर आणि घोरपड धरत. वैदू सापळे लावून मुंगूस, उदमांजर यांसारखी लहान जनावरे पकडत. फासेपारध्यांच्या फासात काळवीट, तित्तिर आणि लावे सापडत. एकाच मुलखात फिरणाऱ्या तिघांची हत्यारे निराळी, सावजे निराळी, म्हणून टक्कर कमी आणि सावज संपवून टाकण्याची घाईही कमी. गॉसच्या काचेच्या नळीतला नियम इथे पालांच्या वस्तीत भेटला. यात एक दुखरी बाजूही आहे आणि ती झाकता येत नाही. हा वाटा जन्माने ठरत होता, त्यातून बाहेर पडायला दार नव्हते. शिवाय १८७१ च्या कायद्याने देशातल्या अनेक भटक्या जमातींवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारण्याची वाट उघडली आणि पारध्यांनी तो शिक्का पिढ्यान्‌पिढ्या सोसला. माळाच्या जुन्या व्यवस्थेचे शहाणपण घ्यायचे ते तिच्यातला अन्याय वगळूनच घेतले पाहिजे.

१९७२ हे साल महाराष्ट्र दुष्काळाने ओळखतो. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला. शिकार थांबली, आणि राखीव क्षेत्रे जाहीर होऊ लागली. १९७९ मध्ये सोलापूरजवळ नान्नजचे माळढोक अभयारण्य, १९८० मध्ये कर्जतजवळ काळविटांसाठी रेहेकुरी. बारामती तालुक्याच्या वाट्याला १९९७ मध्ये सुप्याचे अभयारण्य आले, चिंकाऱ्यासाठी. मोरगावच्या गणपतीवरून त्याला मयूरेश्वर हे नाव मिळाले. क्षेत्र ५.१५ चौरस किलोमीटर, राज्यातल्या सर्वांत लहान अभयारण्यांत त्याची गणना होते. एवढ्याशा जागेत चिंकारा राहतो, पण कुंपणाच्या हिशेबाने राहत नाही. तो आसपासच्या गायरानात आणि वनखात्याच्या रानात चरतो. लांडग्याला तर एका रात्रीच्या भटकंतीसाठीही हे क्षेत्र अपुरे आहे. आणि दप्तरातला ‘पडीक’ हा शब्द अजून काम करतच होता. माळ म्हणजे उजाड रान, ते हिरवे करायचे, या सद्‌हेतूने कित्येक ठिकाणी गवतात गिरिपुष्प आणि इतर झाडे लावली गेली. झाडाच्या सावलीत गवत मरते, आणि गवतावरचा वाटा त्याच्याबरोबर जातो.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या कथेत कुत्र्याचे स्थान पालटले. लोणी भापकरचे ग्रामदैवत काळभैरवनाथ, आणि भैरवाचे वाहन कुत्रा. जेजुरीच्या खंडोबाचे वाघ्ये स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवतात. धनगराचा कुत्रा हा वाड्याचा राखणदार. कुत्र्याशी आपले नाते असे जुने आणि मानाचे आहे. पण गावाबाहेर टाकलेला कचरा आणि मेलेल्या कोंबड्या यांवर पोसलेली मोकाट कुत्री निराळी. त्यांची संख्या माळावरच्या सशा-हरणांवर अवलंबून नसते. भक्ष्य घटले की भक्षक घटतो, हा व्होल्टेराचा नियम त्यांना लागू पडत नाही, कारण त्यांचे ताट गावात वाढलेले असते आणि ती खेळायला माळावर जातात. अबी तमीम वनक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नान्नजच्या माळावर खोकडांसाठी खाद्य मांडून आणि जवळ कुत्रा ठेवून पाहिले. कुत्रा असला की खोकडाचे खाणे घटते आणि वेळ सावधपणे बघण्यात जातो, असे दिसले. कुत्र्याने त्याला धरलेही नाही, तरी त्याचा वाटा गेला. गोचीड, डिस्टेंपरसारखे रोग ही आणखी देणगी. २०२३ मध्ये अभिनव त्यागी, मिहिर गोडबोले, वनक आणि उमा रामकृष्णन यांनी पुण्याजवळच्या माळरानावरचे एक निराळेच सत्य पुढे आणले. निसर्गप्रेमींना दिसलेल्या विचित्र पिवळसर रंगाच्या लांडग्यांचे जनुक तपासले, तेव्हा त्यांत कुत्र्याचे रक्त निघाले. लांडगा-कुत्रा संकराचा भारतीय माळरानावरचा हा पहिला जनुकीय पुरावा. कळप मोडले, जोडीदार मिळेनासा झाला की लांडगा कुत्र्याकडे वळतो. गोळीने न संपलेला प्राणी असा रक्तातून विरघळू शकतो.

आणि हे रक्त साधे नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात भारतीय लांडग्याची शाखा जगातल्या लांडग्यांच्या सर्वांत जुन्या शाखांपैकी एक असल्याचे दिसले. यादवेंद्रदेव झाला आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये देशातल्या प्रौढ भारतीय लांडग्यांची संख्या सुमारे ३,१७० इतकी काढली. म्हणजे आपल्याकडे लांडगा वाघापेक्षा मुबलक आहे असे म्हणण्याची सोय राहिलेली नाही. तिकडे बागायतीत उसाने बिबट्याला घर दिले आहे आणि तो बारामती-इंदापुरापर्यंत येऊन पोहोचला आहे. २०१९ मध्ये इरावती माजगावकर आणि सहकाऱ्यांनी पश्चिम महाराष्ट्राच्या मोठ्या मुलखात बिबट्या, लांडगा आणि तरस यांचा वावर तपासला. अभयारण्यांच्या बाहेर, शेतांच्या आणि माळांच्या गोधडीत हे तिघे माणसाशेजारी नांदतात, आणि कोण कुठे राहील ते जमिनीच्या वापरावर ठरते, असे त्यातून समजले. उसात बिबट्या, माळावर लांडगा. कालव्याने केलेले तालुक्याचे दोन भाग आज जनावरांच्या नकाशातही उमटले आहेत.

गेल्या काही वर्षांत वनखात्याने शिर्सुफळ आणि कडबनवाडी इथे गवताळ रानाची सफारी सुरू केली आहे. जिथे बघण्यासारखे काही नाही असे दीडशे वर्षे दप्तर सांगत होते, तिथे लोक पैसे देऊन गवत पाहायला येतात. ही चांगली सुरुवात आहे, पण सफारीने वाटा ठरत नाही. तो ठरतो गायरानाचे काय करायचे या ग्रामसभेच्या निर्णयात, मेलेल्या कोंबड्या पुरायच्या की ओढ्यात टाकायच्या या सवयीत, मेंढरू गेल्यावर धनगराला भरपाई वेळेवर मिळते की नाही यात. धनगराचा वाटा राखला गेला तरच तो लांडग्याचा वाटा सोशील. साखळी तिथूनच धरून ठेवावी लागते.

सातबाराचा उतारा आजही हातात घेतला तर त्यात पोटखराब्याचे क्षेत्र हेक्टर-आरमध्ये दिसते. त्याच कागदावर ‘इतर हक्क’ म्हणून ओळखला जाणारा एक रकाना आहे. विहिरीतला हिस्सा, वहिवाटीची वाट, सोसायटीचा बोजा हे सारे तिथे चढते. जमीन एकाच्या नावावर असली तरी तिच्यावर दुसऱ्यांचाही अधिकार असू शकतो, हे मान्य करणारी ही जागा विंगेटच्या वारसांनीच ठेवली आहे. इनामगावच्या मेंढपाळापासून वाघर ताणणाऱ्या धनगरापर्यंत, साइक्सच्या यादीपासून आजच्या जनुकांच्या तपासणीपर्यंत जो रस्ता आपण चाललो, तो या रकान्याशी येऊन थांबतो. चिंकारा, खोकड आणि लांडगा चावडीवर अर्ज घेऊन येणार नाहीत. पुष्करणीकाठच्या वराहाच्या पाठीवर ज्या गावाने आठशे वर्षे एवढ्या जणांना जागा दिलेली पाहिली, त्या गावाला आणि आपल्या सगळ्यांनाच ही नोंद करता येईल. पहिले पाऊल म्हणून माळाला पडीक म्हणणे आपण थांबवू.